लेकराबाळांसकट अंदमानात स्नॉर्कलिंग : आधी भरतीची वेळ बघा, मग तिकीट काढा

संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड, लातूर, सगळीकडूनच आजकाल लई फॅमिल्या अंदमानला चालल्यात. परत आल्यावर स्नॉर्कलिंग (मास्क आणि नळी लावून, पाण्यावर पालथं तरंगत खालचे मासे बघणं) कसं झालं विचारलं की बऱ्याच जणांकडून तेच ऐकायला मिळतं, लेकरू रडलं, नाकात पाणी गेलं, खाली काही दिसलंच नाही, दहा मिनिटांत बाहेर आलो. यात अंदमानचा काही दोष नाही. आपला क्रम उलटा असतो. आधी विमान, मग हॉटेल, मग फेरी (बेटांवर नेणारी बोट), आणि समुद्राचा विचार एकदम बीचवर पाय ठेवल्यावर. पाण्यात चेहरा घालून तोंडाने श्वास घ्यायचा असतो हे लेकराला पहिल्यांदा कळतं ते बोटीवरून उतरल्यावर, अनोळखी गाईडच्या हातात.

खाली लिहिलेला क्रम शक्यतो तसाच पाळा. पोहता येत नसलं तरी चालतं, पण मधली पायरी गाळलेली चालत नाही.

## १. महिना ठरवा

डिसेंबर ते एप्रिल हा चांगला काळ. त्यातही जानेवारीपासून पुढं समुद्र जास्त शांत आणि पाणी जास्त स्वच्छ असतं. मान्सून आपल्याकडं जूनमध्ये येतो पण अंदमानात तो मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपासच पोचतो, त्यामुळे "मे एंडला सुट्टी आहे, तेव्हा जाऊ" म्हणणाऱ्यांचे पैसे बहुतेक वेळा हॉटेलच्या खिडकीतून पाऊस बघण्यात जातात. लेकरांच्या परीक्षा संपल्या की लगेच निघा आणि मेच्या पहिल्या आठवड्याच्या आत परत या.

दिवाळीची सुट्टी आपल्याला सोयीची वाटते, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिकडं परतीचा पाऊस आणि बंगालच्या उपसागरातली वादळं असतात. जायचंच असलं तर दोन दिवस जादा धरून जा. ख्रिसमसच्या आठवड्यात हवा चांगली असते पण गर्दी एवढी की एका गाईडच्या मागं लोकांची रांग, आणि लेकराला शिकवायला कुणाला वेळ नसतो.

## २. भरती-ओहोटीचं टायमिंग काढा

ही पायरी जवळपास सगळेच गाळतात. आपण दुष्काळी भागातली माणसं, समुद्राचं पाणी रोज दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं हे शाळेत वाचलेलं असतं पण ट्रिपचं टाइमटेबल त्यावरून लावायचं असतं हे डोक्यात येत नाही.

ओहोटीला उथळ बीचवरचं पाणी गुडघ्याच्याही खाली जातं, कोरल (प्रवाळ) उघडं पडतं, लेकराला तरंगायला जागा राहत नाही, प्रत्येकजण चालून वाळू ढवळतो, पाणी गढूळ होतं आणि पाय खरचटतात. भरती चढत असताना बाहेरचं स्वच्छ पाणी आत येतं आणि कोरलच्या वर तरंगायला पुरेशी खोली मिळते. म्हणून फॅमिलीसाठी बरी वेळ म्हणजे भरती पूर्ण व्हायच्या साधारण दीड तास आधीपासून नंतर तासाभरापर्यंत. त्यानंतर पाणी बाहेर ओढायला लागतं, तेव्हा लेकरं पाण्यात नकोत.

हिशोब असा करा:

- नेटवर किंवा मोबाईलच्या टाइड ॲपमध्ये पोर्ट ब्लेअरचं टेबल उघडा. मुंबईच्या भरतीच्या वेळा तिकडं लागू होत नाहीत, तो समुद्रही वेगळा आणि वेळाही वेगळ्या.
- भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढं सरकते. आज सकाळी ७ ला असेल तर उद्या ७:५० च्या आसपास, परवा ८:४०.
- भरती आणि ओहोटीमध्ये सव्वासहा तासांच्या आसपास अंतर असतं.
- सकाळी ७ ते १० च्या मध्ये भरती येते असे दिवस कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. सकाळी वारा कमी, पाणी सपाट, बीचवर गर्दी कमी.

आता तिथी. घरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर इथं खरंच कामाला येतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, पोर्ट ब्लेअरला हा फरक साधारण दोन मीटरपर्यंत जातो, म्हणजे ओढही जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, फरक कमी, ओढ कमी. लहान लेकरं असतील तर अष्टमीच्या बाजूचे दिवस आणि सकाळची भरती दोन्ही जुळतात का बघा. नाही जुळले तर सकाळच्या भरतीला जास्त मान द्या, तिथीला कमी.

आणखी एक, अंदमान पूर्वेला एवढं आहे पण घड्याळ आपलंच. त्यामुळे हिवाळ्यात सहाच्या आतच उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचला अंधार पडायला लागतो. "जेवण करून, जरा पडून, चारला समुद्रावर जाऊ" हा आपला हिशोब तिकडं चालत नाही.

तपासा: स्नॉर्कलिंगचे किमान दोन दिवस आणि दोन्ही दिवसांची भरतीची वेळ कागदावर लिहिली का? लिहिली नसेल तर अजून तिकीट काढू नका.

## ३. बीच निवडा, यादी नको

पॅकेजवाला आठ बीच लिहून देतो. फॅमिलीला स्नॉर्कलिंगसाठी दोन पुरेत, एक सोपा आणि एक जरा बरा.

नील बेटावरचं भरतपूर. बेटाचं सरकारी नाव आता शहीद द्वीप आहे, पण लोक नीलच म्हणतात. जेट्टीच्या जवळच, उथळ, लांबपर्यंत वाळू. लेकरांनी पहिल्यांदा मास्क घालायला याच्यासारखी जागा नाही. पण हा बीच पूर्ण भरतीच्या भरवशावर आहे, ओहोटीला गेलात तर बघायला खडक आणि चिखलट वाळू. काचेच्या तळाची बोट पण इथं मिळते, आज्जी-आबांसाठी तीच बरी. याच बेटावर लक्ष्मणपूर नंबर दोन बीचला जो नैसर्गिक दगडी पूल आहे तो मात्र ओहोटीलाच नीट बघता येतो. म्हणजे सकाळी ८ ला भरती असेल तर सकाळी भरतपूर आणि दुपारी दोनच्या सुमाराला दगडी पूल, एकाच दिवसात दोन्ही. ड्रायव्हर उलट क्रमाने फिरवायला बघतो कारण त्याला रस्ता सोयीचा पडतो, त्याला आधीच सांगून ठेवा.

हॅवलॉकवरचा एलिफंट बीच. हॅवलॉक म्हणजे आताचं स्वराज द्वीप. जेट्टीवरून बोटीने अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं, जंगलातून चालतही जाता येतं, पण लेकरं सोबत असतील तर बोटच. इथं कोरल किनाऱ्यापासून जवळ आहे आणि पुढं खोली लवकर वाढते, त्यामुळे भरतीवर भरतपूरएवढं अवलंबून नाही. पण त्याच कारणामुळे गाईडशिवाय लेकरू कमरेच्या पुढं नको. सकाळची पहिली बोट धरा. दहानंतर बीचवर जेट स्की, बनाना राइड, सगळं एकदम सुरू असतं आणि त्या गोंधळात घाबरलेलं लेकरू आणखी घाबरतं.

जॉली बॉय. पोर्ट ब्लेअरपासून वंडूरला जायचं आणि तिथून बोट. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे म्हणून परवाना लागतो, तो आदल्या दिवशीच काढून ठेवायचा. सोमवारी बंद. वर्षातले काही महिनेच उघडं असतं, बाकी वेळ रेड स्किन नावाचं दुसरं बेट उघडतात. प्लास्टिकवर कडक बंदी आहे, चिप्सच्या पुड्या-बिड्या आत नेता येत नाहीत, म्हणून लेकरांचा खाऊ स्टीलच्या डब्यात. पाणी तिथं फार सुंदर असतं, पण थांबायला वेळ मोजका मिळतो, त्यामुळे आधी दुसरीकडं प्रॅक्टिस झालेली असेल तरच पैसे वसूल.

नॉर्थ बे. पोर्ट ब्लेअरहून जवळ, वेळ कमी असणाऱ्यांसाठी. गर्दी आणि घाई दोन्ही जास्त. माझ्या मते हातात दोन-तीन दिवस असतील तर सोडा.

हॅवलॉकवरच्या राधानगर बीचला लोक मास्क घेऊन जातात, तिथं वाळू आणि लाटा आहेत, आंघोळीला मस्त, स्नॉर्कलिंगला नाही.

सावधान: अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, खाडीच्या तोंडाशी आणि खारफुटीजवळ. २०१० मध्ये हॅवलॉकला स्नॉर्कलिंग करणाऱ्या एका परदेशी पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. घाबरून ट्रिप रद्द करायची गरज नाही. पण पाटी असेल तिथं उतरायचं नाही, खाडीजवळच्या रिकाम्या बीचवर "इथं कुणीच नाही, मस्त आहे" म्हणून लेकरांना सोडायचं नाही, आणि पहाटे अंधारात किंवा संध्याकाळी उशिरा पाण्यात जायचं नाही.

## ४. सामान : मास्क घरूनच न्या, बाकीचं तिकडं मिळतं

भाड्याचा मास्क मोठ्यांच्या मापाचा असतो. लेकराच्या चेहऱ्यावर तो बसत नाही, मग पट्टा आवळत जातात, पाणी येतंच राहतं, आणि लेकरू रडतं. सगळ्यांना नाही तर किमान लेकरांना स्वतःचा मास्क आणि स्वतःची नळी घ्या. स्पोर्ट्सच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतात.

घेताना बघायचं ते असं. पोहण्याचा गॉगल चालत नाही, त्यात नाक उघडं राहतं, आणि ही चूक खूप जण करतात. मास्कमध्ये नाक आत झाकलं पाहिजे. कडेचा भाग मऊ सिलिकॉनचा हवा, कडक प्लास्टिकसारखा नको, आणि काच टेम्पर्ड (सहज न फुटणारी) हवी. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हलका श्वास आत ओढा, हात सोडा. तसाच चिकटून राहिला तर माप बरोबर. पडला तर दुसरा बघा, पट्टा आवळून काही होत नाही.

लेकरांची नळी लहान आणि आखूड असते, मोठ्यांची देऊ नका. नळी जितकी लांब-रुंद तितकी आपणच सोडलेली जुनी हवा परत आत येते. पूर्ण चेहरा झाकणारे ते नवे मास्क दिसायला भारी दिसतात, पण घाबरलं की ते पटकन काढता येत नाहीत आणि आत जुनी हवा साचू शकते. लेकरांना तर नकोच.

मिशीवाल्यांसाठी खास. आपल्याकडं मिशी म्हणजे मिशी, पण मास्कची कड नेमकी नाकाखाली बसते आणि तिथूनच पाणी शिरतं. नाकाच्या खालची बारीक पट्टी कातरून घ्या, बाकी मिशी तशीच ठेवा. केसांचंही तसंच, बायकांचे आणि लेकरांचे कपाळावरचे केस कडेखाली एक जरी आला तरी पाणी येतं. घट्ट वेणी किंवा कापडी टोपी.

चष्मा मास्कच्या आत बसत नाही. नंबरच्या काचेचे मास्क मिळतात, जास्त नंबर असेल तर तो घ्या. कॉन्टॅक्ट लेन्स घालून उतरू नका.

कपडे : कॉटन नको, ते भिजलं की जड होतं. पूर्ण बाह्यांचा पॉलिस्टरचा टी-शर्ट आणि लेगिंग्ज, बायकांना, लेकरांना, सगळ्यांना. ओढणी, साडी, ढगळा सलवार पाण्यात पायात गुंडाळतो. पाठ आणि गुडघ्याच्या मागची बाजू पाण्यात असताना भाजते आणि रात्री लक्षात येतं, म्हणून क्रीमच्या भरवशावर राहण्यापेक्षा कपड्यानं झाका. क्रीमही कोरलला नुकसान करतं, झाकता येईल तिथं कशाला लावायचं. रबरी तळाचे पाण्यातले बूट प्रत्येकाला.

सोनं घरी ठेवा. मंगळसूत्र, चेन, अंगठी, पैंजण. पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी कधी गेली कळत नाही.

औषधं : जंतुनाशक, चिमटा, व्हिनेगरची छोटी बाटली, ओआरएस, बोट लागणाऱ्यांसाठी डॉक्टरांना विचारून घेतलेली गोळी. वाळूतल्या बारीक माशा चावतात, त्यासाठी खाजेचं मलमही ठेवा.

## ५. घरी बादलीवर प्रॅक्टिस : निघायच्या दोन आठवडे आधी

माझ्या मते अख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात मोलाचा भाग हाच आणि याला एक रुपयाही लागत नाही. भीती पाण्याची कमी असते. नाक बंद करून तोंडाने श्वास घेणं डोक्याला पटत नाही, गोंधळ त्याचा असतो. ते घरी मोडता येतं.

पहिले दोन-तीन दिवस फक्त मास्क लावून टीव्हीसमोर बसवा, नळी तोंडात, तोंडाने श्वास. हसू येतं, चेष्टा होते, होऊ द्या. मग बादली किंवा टबात पाणी घेऊन चेहरा आत, दहापर्यंत मोजायचं. मग तीसपर्यंत. नळी ओठांनी धरायची, दातांनी हलकी पकडायची, चावायची नाही, जबडा दुखतो. श्वास सावकाश आणि लांब. धाप लागल्यासारखे छोटे श्वास घेतले की हवा पुरत नाही असं वाटतं आणि तिथंच घाबरायला होतं.

नंतर नळीत मुद्दाम ओंजळभर पाणी ओता आणि लेकराला "टू" करून जोरात फुंकायला लावा, पाणी वरून उडतं. या खेळात लेकरांना मजा येते आणि समुद्रात लाट नळीत शिरली की तीच सवय कामाला येते. नळी काढून मान वर करणं हेही शिकवा, कारण शेवटी घाबरल्यावर तेच करायचं असतं.

नवीन मास्कच्या काचेवर आतून बारीक थर असतो, त्यामुळे धुकं धरतं. साधी पांढरी टूथपेस्ट बोटानं आतून घासून धुवा, दोन-तीनदा. समुद्रावर मात्र दोन थेंब लहान बाळाचा शॅम्पू फिरवून हलकं विसळायचं.

शहरात जलतरण तलाव असेल तर कमरेएवढ्या पाण्यात दोन-तीन वेळा नेऊन आणा, लाइफ जॅकेट घालून पालथं तरंगायला शिकवा. विहीर याला चालत नाही, पाय टेकत नाहीत.

विहिरीवरनं आठवलं. पाठीला भोपळा किंवा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले बाबा लोक समुद्रात सगळ्यात आधी दमतात. विहिरीत सूर मारायचा, हातपाय मारायचे, काठ धरायचा. इथं काठ नाही, ओढ आहे, आणि हात मारले की खाली मासे पळतात आणि वाळू उडते. "मला येतं, जॅकेट नको" म्हणणारा माणूस तुमच्या घरात असेल तर त्याला जॅकेटशिवाय बोटीतून उतरू देऊ नका, लेकरं त्याचंच बघून जॅकेट काढतात.

तपासा: लेकरू चेहरा पाण्यात ठेवून दोन मिनिटं शांत श्वास घेतं का? घेत नसेल तर त्याला समुद्रात ओढू नका, काचेच्या बोटीतून दाखवा. पाच वर्षांखालच्यांना मास्क-नळी नकोच, किनाऱ्यावर वाळूत खेळू द्या.

## ६. प्रवासाचा क्रम

आपल्या भागातून पोर्ट ब्लेअरला थेट विमान नाही. शहराचं नाव आता श्री विजयपुरम झालंय, पण विमानाच्या तिकिटावर जुनं दिसलं तर गोंधळू नका. नांदेड, परभणी, लातूरवाल्यांना रेल्वेनं हैदराबाद गाठणं सोपं, संभाजीनगर-जालनावाल्यांना मुंबई किंवा हैदराबाद, पुढं चेन्नईमार्गे बरेच पर्याय मिळतात. रेल्वे आणि विमान यात एक रात्र अंतर ठेवा, गाडी लेट झाली तर विमान थांबत नाही.

बेटांवर क्रम असा बरा: पहिला दिवस पोर्ट ब्लेअर, फक्त आराम. त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही, लेकरं रात्रभर जागलेली असतात. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीने नील, तिथं भरतपूर. मग हॅवलॉक, दोन रात्री, एलिफंट बीच. बहुतेक पॅकेजात आधी हॅवलॉक आणि मग नील असतं, म्हणजे अवघड आधी आणि सोपं नंतर. भरतीच्या वेळा जुळत असतील तर उलटवून मागा.

फेरीचं तिकीट हॉटेलच्या आधी. खासगी फेऱ्या आणि सरकारी फेऱ्या दोन्ही आहेत, सीझनमध्ये दोन्ही भरतात. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खासगी फेरीला साधारण दीड ते दोन तास. लेकरांचंही ओळखपत्र लागतं, सगळ्यांचे आधार मूळ आणि झेरॉक्स दोन्ही घ्या. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी पोर्ट ब्लेअरला येऊन राहा, समुद्र खवळला की फेरी रद्द होते आणि विमान बुडतं. थोडी रोकडही ठेवा, छोट्या बेटावर मोबाईलचं नेटवर्क दगा देतं.

खाण्याचं म्हणाल तर धपाटे, दशम्या, शेंगाची चटणी पहिल्या दोन दिवसांना पुरतात. बोटीआधी मात्र पोट तुडुंब भरू नका, आणि उपाशीही नका नेऊ.

## ७. बीचवर : पैसे द्यायच्या आधी चार प्रश्न

गाईड लोक हिंदी बोलतात, भाषेचा प्रश्न येत नाही. पण लाजू नका, विचारा:

1. पाण्यात नक्की किती मिनिटं? बोटीच्या तिकिटात जे मिळतं ते बऱ्याचदा थोड्या मिनिटांचं असतं, जास्त वेळेचे पैसे वेगळे.
2. एका गाईडमागं किती जण? लेकरं असतील तर दोनच्या वर नको.
3. लेकराच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का?
4. आत्ता पाणी चढतंय का उतरतंय? तुम्हाला उत्तर आधीच माहीत असलं पाहिजे, तो काय सांगतो ते बघा.

जॅकेट घातल्यावर खांद्याला धरून लेकराला वर उचला. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, पाण्यात लेकरू खालून निसटेल. सगळे बकल लावा, पायांमधून जाणारा पट्टा असेल तर तोही. हातात घालायच्या फुगवणाऱ्या ट्यूब म्हणजे खेळणी, त्यावर विसंबू नका.

खुणा आधी ठरवा. अंगठा वर करणं म्हणजे मस्त, असं आपल्याला वाटतं, पण डायव्हिंगवाल्यांच्या भाषेत त्याचा अर्थ "वर जायचंय" असा होतो. ठीक आहे सांगायला अंगठा आणि तर्जनीचा गोल करायचा. काहीतरी गडबड आहे म्हणायला हात पालथा करून डावी-उजवीकडं हलवायचा. लेकरांना पाण्याबाहेरच दोनदा करायला लावा.

आणि एक माणूस कायम किनाऱ्यावर. त्याच्याकडं मोबाईल नको, नजर पाण्यावर. सगळे एकदम उतरले की सामान सांभाळायला आणि बघायला कुणी राहत नाही.

सावधान: बीपी, हृदयाचा त्रास, दमा, फिट येणं, यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. सर्दीत पण नको, आणि कान दुखत असेल तरी नको. आबांना "एवढे पैसे भरलेत, उतरा" असा आग्रह करू नका.

## ८. पाण्यात

पहिली पाच मिनिटं कमरेएवढ्या पाण्यात, पाय वाळूवर. मास्क, नळी, चेहरा आत, दहा श्वास, वर. परत. लेकरानं स्वतःहून "अजून" म्हटलं की मगच पुढं. आई किंवा बाबा बाजूला, हात धरून. तिकडं गाईड लोक रिंग धरायला देतात आणि ओढत नेतात, ती पद्धत लेकरांना चांगली आहे, पण दुसऱ्या बाजूला तुम्ही पाहिजे.

पाय सावकाश. हात शरीराजवळ. मान जास्त खाली घातली तर नळीचं टोक बुडतं, नजर थोडी पुढं ठेवा. मास्कमध्ये थोडं पाणी आलं तर घाबरायचं नाही, ते नाकाच्या खाली साचतं, श्वास तोंडाने चालूच असतो. नवशिक्यांनी सरळ उभं राहून किंवा जॅकेटवर उताणं होऊन मास्क उचलायचा, पाणी सांडायचं, परत लावायचा.

उभं राहायचं ते फक्त वाळूवर. कोरल दगडासारखं दिसतं पण जिवंत असतं, तुमच्या बुटाखाली मोडतं आणि तुमचाही पाय कापतं. हात कशालाच लावायचा नाही. दगडासारखा पडून राहणारा विषारी काट्यांचा मासा असतो, काळ्या काट्यांचे समुद्री साळू असतात, पंख पसरलेला सुंदर लायनफिश असतो. लेकरांना एकच नियम सांगा, डोळ्यांनी बघायचं.

वीस मिनिटं झाली की बाहेर. पाणी २७-२८ अंश असलं तरी लेकरं लवकर गारठतात, ओठ निळसर दिसायच्या आत काढा. टॉवेल, पाणी, दोन घास, मग परत जायचं का ते त्यांना विचारा. नाही म्हटलं तर विषय संपला.

वरून दिसतं ते फोटोतल्या रंगांसारखं नसतं हेही आधीच सांगून ठेवा. पाण्याच्या गरमीनं अंदमानातलं बरंच कोरल मागच्या काही वर्षांत पांढरं पडलंय, २०१० आणि २०१६ मध्ये जास्तच. मासे मात्र दिसतात, निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्याचे, आणि लेकरांचं लक्ष माशांकडंच असतं.

## ९. काही चावलं, खरचटलं तर

कोरलनं खरचटलं : स्वच्छ पाणी आणि साबणानं घासून धुवा, आत कण राहू देऊ नका, मग जंतुनाशक. साधं वाटतं पण पिकतं.

साळूचा काटा किंवा माशाचा काटा : सोसेल एवढ्या गरम पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास. पाणी आधी मोठ्यानं स्वतःच्या हाताला लावून बघायचं, लेकराला भाजू नये. वर आलेला काटा चिमट्यानं काढा, खोल गेला असेल तर डॉक्टर.

जेलीफिश : चोळायचं नाही, साध्या पाण्यानं धुवायचं नाही, वाळू तर अजिबात नाही. समुद्राच्याच पाण्यानं धुवा, व्हिनेगर टाका, धागे चिमट्यानं काढा. श्वास लागला, उलटी झाली, चेहरा सुजला तर लगेच दवाखाना. हॅवलॉकला आरोग्य केंद्र आहे, मोठं हॉस्पिटल पोर्ट ब्लेअरला.

नाकातोंडात बरंच पाणी गेलं आणि नंतर खोकला थांबत नाही, लेकरू सुस्त वाटतंय किंवा श्वास भरभर चालतोय, तर "झोपला की बरं वाटेल" म्हणून हॉटेलवर नेऊ नका. सरळ डॉक्टर.

## १०. बाहेर आल्यावर आणि परत येताना

गोड्या पाण्यानं आंघोळ, कान कोरडे, ओआरएस किंवा नारळपाणी. मास्क साध्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा, उन्हात टाकला की सिलिकॉन खराब होतं.

स्नॉर्कलिंगनंतर विमानात बसायला काही अडचण नाही. स्कुबा (पाठीला हवेची टाकी लावून खोल पाण्यात उतरणं) केलं असेल तर मात्र किमान १८ तास थांबावं लागतं, घरातल्या एखाद्यानं शेवटच्या दिवशी हौसेनं स्कुबा बुक केलं असेल तर विमानाची वेळ बघून घ्या.

आणि सगळ्यात शेवटी बॅगा तपासा. लेकरांच्या खिशात, पाण्याच्या बाटलीत, टॉवेलच्या घडीत पांढरा कोरलचा तुकडा किंवा शंख नक्की निघतो. कोरल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, मेलेला, किनाऱ्यावर पडलेला तुकडासुद्धा नेता येत नाही, आणि विमानतळावर बॅगा स्कॅन होतात. निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सगळं काढून बीचवरच ठेवून द्या, विमानतळाच्या रांगेत रडारड होण्यापेक्षा ते बरं.